खाचेवरची चिकटपट्टी

कॅसेटच्या वरच्या कडेला, दोन्ही टोकांना, एकेक बारीक चौकोनी खाच असायची. कोऱ्या कॅसेटला त्या जागी प्लास्टिकची जिभली असते. जिभली शाबूत असली की रेकॉर्डिंगचं लाल बटण खाली जातं. ती मोडलेली असली की टेपरेकॉर्डरमधला एक छोटासा खटका त्या खाचेत शिरतो आणि बटण अडतं. कंपन्यांच्या गाण्यांच्या कॅसेट्स जिभलीशिवायच यायच्या, म्हणजे चुकूनही कोणी त्यावर दुसरं काही भरू नये. पण त्यावरचा उपाय आमच्या इंदूरच्या शाळकरी पोरांनाही ठाऊक होता. खाचेवर चिकटपट्टीचा तुकडा लावायचा, नखाने घट्ट दाबायचा, की कॅसेट पुन्हा कोरी.

माझ्या वडिलांचं, अण्णांचं, कॅसेटचं दुकान होतं. राजवाड्याहून खजुरी बाजाराकडे वळताना, जेमतेम दहा फूट रुंदीचं, आत माळ्यावर जायला लाकडी शिडी. १९८७ साली सुरू झालं आणि २००४ साली शटर कायमचं खाली आलं. शाळा सुटली की मी काउंटरवर बसायचे, कॉलेजात गेल्यावरही बसले. गाण्यातलं मला जे थोडंफार कळतं, त्यातलं निम्मं तिथे कळलं. आणि एखाद्या मोठ्या गायकाचे दिवस फिरायला लागलेत हे तर त्या काउंटरवर वर्तमानपत्रांच्या कितीतरी आधी कळायचं.

अण्णांचं एक वाक्य होतं. एखादी नवी कॅसेट आली, पहिल्याच दिवशी लोक तुटून पडले, मी आनंदाने नोटा मोजायला लागले की ते म्हणायचे, "बेटा, नवी कॅसेट मागच्या कॅसेटच्या पुण्याईवर खपते."

मला ते कळायला बरीच वर्षं लागली. पहिल्या दिवशी येणाऱ्या गिऱ्हाइकाने नवी गाणी ऐकलेली नसतात. फार तर एखादं, रेडिओवर. तो पैसे मोजतो ते मागच्या वेळी जो आनंद मिळाला त्याचे. म्हणजे मागच्या कॅसेटची शाबासकी या कॅसेटला मिळते. ही जर कच्ची निघाली, तर तिचा दंड तिला बसत नाही, ती तर खपून गेलेली असते. दंड बसतो तिसरीला. आणि तिसरी बिचारी कित्येकदा चांगली असते.

म्हणून ज्या अल्बमपासून उतरण सुरू होते, तो वरून पाहिलं तर शिखरासारखा दिसतो. सगळ्यात जास्त खप त्याचाच असतो. रांगा त्याच्यासाठी लागलेल्या असतात, पोस्टर त्याची सगळ्यात मोठी असतात. खरं काय ते बघायचं तर दुकानाच्या दुसऱ्या बाजूला बघावं लागे. तिथे आमचा डबल डेक होता, एका कॅसेटवरून दुसरीवर गाणी भरायचं यंत्र. लोक जुनी कॅसेट आणि गाण्यांची चिठ्ठी घेऊन यायचे, "भिया, ये वाले गाने भर दो." आता घरातल्या पन्नास कॅसेट्समधली कुठली पुसायला द्यायची हे माणूस ठरवतो कसं? जिच्यावाचून अडत नाही ती देतो. अण्णांच्या वहीत त्यासाठी वेगळी पानं होती. डावीकडे 'गेली', उजवीकडे 'भरायला आली'. डावीकडचा आकडा कंपनीलाही ठाऊक असायचा. उजवीकडचा फक्त आम्हाला.

१९९० साली 'आशिकी' आली तेव्हा मी नववीत होते. नदीम-श्रवणची गाणी, कुमार सानू आणि अनुराधा पौडवालचे आवाज, टी-सिरीजचा स्वस्त माल. खोकं फोडून कॅसेट्स कपाटात लावायची उसंतच मिळायची नाही, लोक खोक्यातूनच उचलायचे. डावीकडचं पान भरून दुसरं लागलं, आणि उजवीकडे महिनोन्‌महिने एकही नोंद नाही. उलट वर्षभरात लोक तीच कॅसेट दुसऱ्यांदा घ्यायला आले, कारण पहिली झिजून तिचा आवाज लोळायला लागला होता. अण्णा म्हणाले, "हे खरं यश. याला नजर लावू नका."

नजर कोणी लावली नाही. लावली ती मागणीने.

फिल्मफेअरचा उत्कृष्ट गायकाचा पुरस्कार कुमार सानूला सलग पाच वर्षं मिळाला. 'आशिकी', 'साजन', 'दीवाना', 'बाजीगर' आणि '१९४२: अ लव्ह स्टोरी'. एका दिवसात २८ गाणी ध्वनिमुद्रित केल्याचा १९९३ सालचा विक्रम त्याच्या नावावर सांगितला जातो. २८ गाणी. मी हा आकडा पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला अभिमान वाटला होता. आज पोटात कालवतं. एका दिवसात २८ वेळा उभं राहायचं, २८ वेळा कागद हातात घ्यायचा, अठ्ठाविसाव्या गाण्यात पहिल्याइतकाच विरह ओतायचा. गळा ते करू शकतो, त्याचा गळा तयारच होता तसा. पण ऐकणाऱ्याचा कान ते किती दिवस करणार? आमच्या दुकानात आधी लोक सिनेमाचं नाव घेऊन मागायचे. मग सानूचं नाव घेऊन मागायला लागले. आणि १९९५च्या सुमारास एक नवंच वाक्य कानावर यायला लागलं: "कुछ और सुनाओ यार." राग नव्हता त्यात. जेवण झालेल्या माणसाने ताटावर हात आडवा धरावा तसा सूर होता. पुढच्या वर्षीचा पुरस्कार 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'साठी उदित नारायणला गेला. त्या सिनेमात सानूचंही गाणं होतं आणि ते लोकांच्या ओठांवर होतं, तरीही.

सानूचा पाचवा पुरस्कार '१९४२'मधल्या ज्या गाण्याचा, त्याचं संगीत राहुलदेव बर्मनचं, म्हणजे पंचमचं. पंचम ४ जानेवारी १९९४ला गेले आणि सिनेमा त्याच वर्षी जुलैत लागला. ज्या माणसाला चित्रपटसृष्टीने बाजूला ठेवलं होतं, त्याची कॅसेट त्याच्यामागे अशी खपली की अण्णांनी दुकानात त्यांचा फोटो लावून हार घातला. एकाच कॅसेटमध्ये एकाचं परत येणं आणि दुसऱ्याच्या सरत्या दिवसांची सुरुवात. तेव्हा यातलं काहीच कळलं नव्हतं, नुसतं गाणं गोड लागलं होतं.

सानूचं एवढं लांबण लावते आहे त्याला कारण आहे. रामबागेत आमच्या शेजारच्या वाड्यात एक दादा राहायचा. नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. दिवसा एका कचेरीत कारकुनी, आणि गणपतीत, नवरात्रात, लग्नसराईत ऑर्केस्ट्रात गाणं. सुरुवातीला तो किशोरकुमारची गाणी म्हणायचा. इंदूरला किशोरकुमार म्हणजे घरचाच माणूस, खंडव्याचा, इथल्या ख्रिश्चन कॉलेजात शिकलेला. दादाचा आवाज मोकळा, भरदार होता, वरच्या पट्टीत थोडा फाटायचा, पण ते फाटणंही छान वाटायचं. 'आशिकी'नंतर मंडळांकडून फर्माइशी बदलल्या. दादाने सानू बसवायला घेतला.

बसवायला म्हणजे कसा, ते मी पाहिलंय. संध्याकाळी दुकानात यायचा, हेडफोन लावायचा, एकच ओळ पंधरा-वीसदा मागे नेऊन ऐकायचा, आणि मग दोन बोटांनी नाकपुडी जराशी दाबून ती म्हणायचा. बोटं काढायची, पुन्हा म्हणायची. नाकात तो स्वर नेमका कुठे अडतो ते तो शोधत असायचा. दोन महिन्यांत असं जमलं की डोळे मिटले तर फरक कळू नये. पोस्टरवर त्याच्या नावाआधी 'व्हॉइस ऑफ कुमार सानू' छापून यायला लागलं. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, पाहून परतणारे लोक पहाटे तीनलाही त्याला ऐकायला थांबायचे. उज्जैन, देवास, धार, एकदा तर बडोद्यालासुद्धा बोलावणं आलं. गंमत अशी की सानू स्वतःही सुरुवातीला किशोरकुमारची गाणी गाऊनच पुढे आला होता. म्हणजे दादाने किशोर सोडून सानू धरला, तो किशोरच्याच वाटेवरचा पुढचा मुक्काम होता.

मग १९९६-९७ उजाडलं. मंडळांना दुसरे आवाज हवे झाले. दादा म्हणाला, ठीक आहे, मी किशोर म्हणतो, ती गाणी कधी जुनी होत नाहीत. एका रात्री लोकमान्यनगरच्या गणपतीत त्याने किशोरचं एक जुनं गाणं उचललं. मी समोर बसले होते. दुसऱ्या ओळीला माझ्या लक्षात आलं, आणि त्याच्याही आलं. नाक सुटत नव्हतं. सहा वर्षं दिवसरात्र एका खाचेत बसवलेला आवाज तिथून निघायला तयार नव्हता. त्याने गाणं पूर्ण केलं, टाळ्याही पडल्या. खाली उतरून माझ्या आईशेजारी बसला आणि म्हणाला, "काकू, माझा आवाज मी कुठं ठेवून आलो, तेच सापडून नाही राहिलं."

मोठ्या कलावंताची उतरण आपण पुरस्कारांत आणि खपात मोजतो. तिच्याखाली अशी किती माणसं घसरत असतात, वादक, नकला करणारे, दुकानदार, त्यांची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

अण्णांचं ते पुण्याईचं वाक्य मी आमच्या गल्लीपुरतंच धरून चालले होते. कितीतरी वर्षांनी ओएसिस या इंग्लिश बँडची हकीकत वाचली आणि ते वाक्य मँचेस्टरपर्यंत जाऊन पोचलेलं दिसलं. १९९५च्या ऑक्टोबरात आलेल्या त्यांच्या दुसऱ्या अल्बमने त्यांना डोक्यावर नेऊन बसवलं. पुढच्या ऑगस्टमध्ये नेबवर्थच्या मैदानावर दोन रात्रींत अडीच लाख माणसं त्यांना ऐकायला आली, आणि तिकिटं मागणारे होते पंचवीस लाख. मग २१ ऑगस्ट १९९७ला 'बी हिअर नाऊ' बाजारात आला. पहिल्या दिवशी सव्वाचार लाखांच्या आसपास प्रती, तीन दिवसांत जवळजवळ सात लाख. ब्रिटनमध्ये इतक्या झपाट्याने खपलेला अल्बम त्याआधी झाला नव्हता, आणि हा विक्रम २०१५ साली अडेल या गायिकेने मोडेपर्यंत टिकला. समीक्षकांनीही स्तुतीचे ढीग रचले. मागच्या अल्बमच्या वेळी यांतल्या अनेकांनी हात आखडता घेतला होता आणि लोकांनी त्यांना खोटं पाडलं होतं. या वेळी ती चूक भरून काढायची होती. म्हणजे समीक्षकसुद्धा मागच्याच्याच पुण्याईवर लिहीत होते.

घरी नेऊन लोकांनी ऐकलं तेव्हा सात-सात, नऊ-नऊ मिनिटांची गाणी, एका गिटारवर दुसरी, दुसरीवर तिसरी, इतके थर की गाणं खाली गुदमरलेलं. बँडमध्ये गाणी लिहिणाऱ्या नोएल गॅलघरने पुढे स्वतःच त्या अल्बमला बरीच नावं ठेवली. आणि इंग्लंडातल्या जुन्या सीडींच्या दुकानांत तो ढिगाने परत आलेला असायचा, असं तिकडचे लोक आजही सांगतात. ते वाचून मला आमच्या वहीचं उजवं पानच आठवलं. सीडीला खाच नसते, चिकटपट्टी लावता येत नाही, म्हणून ती परत विकायची एवढाच फरक.

पीटर फ्रॅम्प्टन या इंग्लिश गायक-गिटारवादकाची गोष्ट वेगळी आणि मला जास्त हळहळ लावणारी. चार अल्बम काढूनही त्याचं म्हणावं तसं काही झालं नव्हतं. पण तो गावोगाव वाजवत राहिला. शेवटी त्या मैफलींतलं ध्वनिमुद्रण १९७६च्या जानेवारीत 'फ्रॅम्प्टन कम्स अलाइव्ह!' म्हणून बाहेर पडलं आणि अमेरिकेत दहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. त्या वर्षी तिथे इतका खपलेला दुसरा अल्बम नाही. आता यात मेख बघा. त्या एका अल्बमात आधीच्या चारही अल्बममधली निवडक गाणी होती, शेकडो रात्री लोकांसमोर घासूनपुसून लखलखीत झालेली. एवढ्या वर्षांची पोतडी एका रात्रीत रिकामी झाली. आणि घाई सुरू झाली पुढच्याची. १९७७ साली 'आय'म इन यू' आला, मागच्याच्या पुण्याईवर दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलाही. पण ती गाणी कुठल्या मैफलीत घासली गेली नव्हती. १९७८ साली बहामात मोटारीच्या अपघातात तो मरता मरता वाचला. त्यानंतर तो गिटारवादक म्हणून मानाने जगला, पण १९७६ पुन्हा आलं नाही.

मला वाटतं आपल्याकडे घराण्यांत शिष्याला वर्षानुवर्षं मैफलीपासून दूर ठेवायचे त्यात हे शहाणपण असावं. पोतडी भरू द्यायची. अर्थात त्यातही किती गळे वाट बघतच सुकून गेले असतील कोण जाणे, त्यामुळे मी हे फार ठासून म्हणत नाही.

मायकल जॅक्सनबद्दल मी थोडंच लिहिते, त्याच्याबद्दल सगळ्यांनाच सगळं माहीत आहे. १९८२च्या 'थ्रिलर'नंतर त्याने आरशावर दहा कोटी हा आकडा लिहून ठेवला होता म्हणतात, पुढच्या अल्बमच्या खपाचा. रोज तोंड धुताना समोर तो आकडा. १९८७ साली 'बॅड' आला, त्यातली पाच गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली, असं त्याआधी एका अल्बमच्या बाबतीत कधी झालं नव्हतं. तरी लोक म्हणाले, थ्रिलरएवढा नाही. निर्माता क्विन्सी जोन्सबरोबरचा तो त्याचा शेवटचा अल्बम. १ नोव्हेंबर १९९६ला तो मुंबईत अंधेरीला गायला तेव्हा माझा मावसभाऊ अवंतिका एक्स्प्रेसने गेला होता, महिन्याचा पगार घालून. परत आला तेव्हा घसा बसलेला. आठवडाभर तो एकाच गाण्याबद्दल बोलत होता. बिली जीन. १९८२ सालचं.

आणि अलिशा चिनॉयला यात ओढावं की नाही याचा मी बराच विचार केला. १९९५चं तिचं 'मेड इन इंडिया', बिड्डूचं संगीत, चित्रफितीत मिलिंद सोमण. आमच्याकडे मराठी घरांतल्या मुली ती कॅसेट घेताना गायिकेपेक्षा त्याच्याबद्दल जास्त बोलायच्या. त्या उंचीवर तिचा पुढचा कुठलाच अल्बम गेला नाही, हे खरं. पण तिथे गायिका उतरली नव्हती, रस्ताच खचला होता. नव्या नव्या म्युझिक चॅनेलांना तेव्हा अशा गाण्यांची गरज होती. पुढे चॅनेल सिनेमाच्या गाण्यांनी भरले आणि बिगरफिल्मी अल्बमला दारात उभं करेनासे झाले. दहा वर्षांनी 'कजरा रे' आलं तेव्हा तिचा गळा जिथल्या तिथे होता.

असा उतार कोणी स्वतःहून धरतो का? फ्लीटवुड मॅक या बँडने धरला. 'रूमर्स' या १९७७च्या अल्बमने त्यांना जगभर पोचवलं, आणि लिंडसे बकिंगहॅम या त्यांच्या गिटारवादकाने तोच अल्बम पुन्हा करायला साफ नकार दिला. दहा लाख डॉलरच्या वर खर्चून १९७९ साली त्यांनी 'टस्क' काढला. दोन तबकड्या, विचित्र आवाज, अर्धवट वाटणारी गाणी. चाळीस लाख प्रती खपल्या आणि कंपनीच्या हिशेबात तो आपटला. चाळीस लाख! मला हा माणूस फार आवडतो. पुण्याई खर्च करायचीच असेल तर ती नव्या वाटेवर करावी. आरशावर आकडे लिहीत बसू नये.

आमच्या दुकानात कुमार गंधर्वांच्या निर्गुणी भजनांच्या कॅसेट्स असायच्या. देवास आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर, त्यामुळे कुमारजी आपलेच अशी भावना. महिन्याला दोन जायच्या, कधी तीन. १२ जानेवारी १९९२ला ते गेले त्या आठवड्यात वीसेक गेल्या असतील, मग पुन्हा दोन, तीन. सतरा वर्षांत ना कधी रांग लागली, ना कधी कपाट तसंच भरलेलं राहिलं. आणि उजव्या पानावर त्यांचं नाव एकदाही नाही. अण्णा म्हणायचे, "या मालाला उठाव नाही, पण खंडही नाही." दुकानाचं भाडं मात्र उठावावर निघायचं, खंड नसण्यावर नव्हे. ते अण्णांना पक्कं माहीत होतं, आणि त्यातच ते फसले.

१९९८ची गोष्ट. एका गायकाच्या मागच्या कॅसेटचे आम्ही चारशेच्या वर नग विकले होते. अण्णांचा तो लाडका गायक. त्याची नवी कॅसेट यायची होती. डिस्ट्रिब्यूटरचा माणूस आला, चहा झाला, तो म्हणाला, या वेळी सहाशे उचला, कमिशन वाढवून देतो, फक्त माल परत घेणार नाही. मी काउंटरवरून अण्णांकडे पाहिलं. त्यांचंच वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही आणि सही केली. पुण्याईचा हिशेब ज्याने मला शिकवला, त्याचाही त्या सहीच्या वेळी प्रेमाने घात केला.

पहिल्या आठवड्यात दीडशेच्या आसपास गेल्या. दुसऱ्या आठवड्यात नऊ. तिसऱ्या आठवड्यात एक कॉलेजचा मुलगा हीच कॅसेट घेऊन आला, खाचेवर नवीकोरी चिकटपट्टी, म्हणाला, यावर दुसरं काहीतरी भरून द्या. अण्णांनी ती हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली, पट्टीवरून अंगठा फिरवला. मग वही उघडून उजव्या पानावर स्वतःच्या हाताने नाव लिहिलं. त्या गायकाची नवी कॅसेट पुढच्या वर्षी आली. आम्ही वीसच नग घेतले. ती चांगली होती, माझ्या मते मागच्या दोन्हींपेक्षा चांगली. वीसांतल्या अकरा उरल्या. तिसरीला दंड बसतो तो असा.

माळ्यावर चारशेच्या वर कॅसेट्स पडून होत्या. त्या दिवाळीला घराला रंग लागला नाही. आईने विषय काढला नाही, अण्णांनीही नाही. पावसाळा लागायच्या आत, नाहीतर बुरशी धरेल म्हणून, अण्णांनी एक दिवस चिकटपट्टीची डझनभर रिळं आणली. रोज रात्री दुकान बंद झालं की आम्ही दोघं शटर अर्धं ओढून बसायचो. ते कात्रीने तुकडे कापून ओळीने लावून ठेवायचे, मी एकेक उचलून खाचेवर बसवायचे. एका कॅसेटला दोन खाचा. नखाखाली डिंकाचा काळा थर बसायचा. मग गायकाचा फोटो असलेला कागद डबीतून काढायचा आणि पांढरा घालायचा. फोटोंचे कागद अण्णांनी फेकले नाहीत. गठ्ठा करून सुतळीने बांधून ठेवले.

त्या कॅसेट्स आम्ही घरगुती रेकॉर्डिंगसाठी स्वस्तात विकल्या. अण्णा प्रत्येकाला आधीच सांगायचे, "खाली गाणी आहेत, वर तुमचं भरा." रामबाग, नारायणबाग, सुदामानगर, मराठी घरांतून त्या भराभर गेल्या. कोणाकडे मुंज होती, कोणाकडे डोहाळजेवणाची गाणी. भजनी मंडळाच्या बायकांनी दहा नेल्या, चाली विसरायला होतं म्हणून. एका आजोबांनी अमेरिकेतल्या मुलाला पत्राऐवजी बोलून पाठवायला नेली. दीड वर्षात माळा रिकामा झाला. पुढे एमपीथ्रीच्या सीडी आल्या, एका सीडीत शंभरावर गाणी, आणि मग दुकानच उरलं नाही. अण्णांना जाऊन आता आठ वर्षं झाली. तो दादा रामबागेतच आहे, निवृत्त झालाय. गात नाही, पण नातवाला तबल्याच्या क्लासला स्वतः सोडायला जातो.

माझ्याकडे एक डेक अजून चालू आहे, हे ओळखीतल्यांना माहीत असल्याने कोणी ना कोणी जुनी कॅसेट घेऊन येतं. मागच्या उन्हाळ्यात नारायणबागेतल्या एका घरची मुलगी आली, पंचविशीतली. तिची आजी नुकतीच गेली होती आणि कपाटात एक कॅसेट सापडली होती. डबीतल्या पांढऱ्या कागदावर आजीचं नाव लिहिलेलं, आणि खाचेवर पिवळी पडलेली चिकटपट्टी. पट्टीची कड तिरपी कापलेली. अण्णांची कात्री तशीच तिरपी चालायची.

मी कापसाने हेड पुसलं आणि कॅसेट लावली. आजी ओव्या म्हणत होत्या. आवाज थकलेला, पण लय पक्की, मागे घंगाळात पाणी पडत असल्यासारखा आवाज. मधेच त्या खोकल्या, कोणीतरी पाणी दिलं, पुन्हा सुरू झाल्या. मुलगी हनुवटी गुडघ्यांवर टेकून ऐकत होती. पंधराएक मिनिटांनी आजी म्हणाल्या, "पुरे झालं रे, बंद कर ते." खट्ट आवाज झाला, क्षणभर नुसती खरखर, आणि मग एकदम, ओळीच्या मधूनच, पूर्ण वाद्यवृंदासकट तो गायक गायला लागला.

मुलगी दचकली. तिचा हात बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला. गाणं अंतऱ्यात होतं. मी ते कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं, खरं तर कधी नीट ऐकलंच नव्हतं, त्या कॅसेट्सचा मला तेव्हा इतका राग होता. तो वरच्या षड्जावर गेला, तिथे थांबला, आणि अगदी सावकाश खाली आला. दोघी काही न बोलता बसून होतो. मग कॅसेटची फीत संपली आणि डेकचं बटण आपोआप वर आलं.

"हे कोण गात होतं?" तिने विचारलं.

मी नाव सांगितलं. तिने ते कधी ऐकलेलं नव्हतं. तिने पर्समधून पेन काढलं, डबीतला पांढरा कागद बाहेर ओढला, आजीच्या नावाखाली जागा होती तिथे ते लिहिलं, आणि स्पेलिंग बरोबर आहे ना म्हणून कागद माझ्यापुढे धरला.